सुखराम खांबावर होता

सुधाकरराव बोरकर साहेबांची आणि माझी पहिली भेट वारासिवनीच्या आमच्या कार्यालयात झाली. विजेच्या लाइनी दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी डिप्लोमा करून नुकतीच लागले होते. साहेब तिथले व्यवस्थापक होते. त्यांनी माझी प्रमाणपत्रे न उघडताच बाजूला ठेवली आणि परमिटचे पुस्तक पुढ्यात सरकवले. काम सुरू करण्याआधी सबस्टेशनमधून लाइन बंद करून घ्यायची, तसे परमिट आपल्या नावावर घ्यायचे आणि सगळी माणसे खाली उतरली की ते परत करायचे. परत केले की लाइन चालू.

“याच्यावर ज्याची सही, त्याच्या हाती माणसं हायेत,” साहेब म्हणाले. “मॅनेजरकी याच्याहून मोठी नाही.”

टोळीत अकरा जण होते आणि बहुतेक माझ्या वडिलांच्या वयाचे. चोवीस वर्षांच्या मुलीने सांगितलेले काम ते ऐकून घेत आणि मग साहेबांकडे बघत. साहेब तोंड फिरवून म्हणत, “मॅडमले विचारा. मले काहून विचारता?” एकांतात ते मला ‘पोरी’ म्हणत, पण टोळीसमोर मी नेहमी मॅडमच असे. ते रागीट होते. हेल्मेट न घालता खांबावर चढलेल्या टोळीतल्या रमेशला त्यांनी खाली उतरवून असे झापले की तो जेवायलाही आला नाही. मग साहेब स्वतःचा डबा घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसले.

आता जे लिहिते आहे, ते आजवर कुठेच लिहिलेले नाही.

वैशाखातल्या एका वादळाने रामपायलीच्या रस्त्यावरचे खांब आडवे केले. दोन दिवस आम्ही तिथेच होतो. दुसऱ्या दिवशी साहेबांना बैठकीसाठी बालाघाटला जावे लागले आणि परमिट माझ्या नावावर आले. दुपारपासून वरिष्ठांचे फोन सुरू झाले. जवळच्या आरोग्य केंद्रात लसी खराब होण्याच्या बेतात होत्या, नळांना पाणी नव्हते. दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न, “मैडम, और कितना?” चारच्या सुमारास मी पुढे खांबांजवळ असलेल्या रमेशला फोन केला. “सब उतर गए क्या?”

“हौ मैडम, सब उतर गए.”

मी सबस्टेशनला कळवले की परमिट परत. फोन ठेवला आणि साहेबांची मोटारसायकल येऊन थांबली.

“सुखराम कुठं हाये?”

“सगळे उतरले, साहेब. रमेशने सांगितलं.”

“तू पाह्यलं का?”

मी पाहिले नव्हते. नाल्यापलीकडच्या खांबावर अडकलेली फांदी काढायला टोळीतला सुखराम गेला होता आणि रमेशने फक्त अलीकडची माणसे मोजली होती. “सबस्टेशनले फोन लाव!” एवढे ओरडून साहेब नाल्याकडे धावत सुटले. माझा फोन लागेना. वादळानंतर नेटवर्क येत-जात होते. दुसऱ्यांदाही लागला नाही. दूरवरून साहेबांची हाक ऐकू येत होती, “सुखराम! हात काढ!” आणि कुऱ्हाडीचे घाव चालूच होते. तिसऱ्यांदा फोन लागला.

“रुको! आदमी ऊपर है!”

पलीकडून ऑपरेटर म्हणाला, “मैडम, हाथ स्विच पर ही था.”

सुखराम उतरल्याचे साहेबांनी ओरडून सांगेपर्यंत मी फोन कानापासून काढला नाही.

परमिट परत करून पुन्हा मागितल्याची नोंद झाल्याने चौकशी लागली. साहेबांनी एवढेच सांगितले, “नवख्या माणसावर काम टाकून मी गेलो. चूक माझी.” त्यांना ताकीदपत्र मिळाले आणि ठरलेली बढती दुसऱ्याला गेली. मी रडत त्यांच्यापुढे उभी राहिले. चौकशीत जाऊन सगळे खरे सांगते, असे मी म्हणाले.

“पोरी, तुले ते दुसरीकडं सांगाचं हाये,” ते म्हणाले. “सुखरामले सांगतलं का?”

सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जणांसमोर सांगितले. साहेब मागे उभे होते, पण माझ्या मदतीला एक शब्दही बोलले नाहीत. सुखरामने ऐकून घेतले, खांबावर चढताना बांधायचा कमरेचा पट्टा काढून जमिनीवर ठेवला आणि घरी निघून गेला.

तीन दिवस तो आला नाही. त्याला आणायला कोणाला तरी पाठवू या, असे मी म्हटले, तर साहेबांनी नकार दिला. “येईन नाहीतर नाही येईन. तो त्याचा हक हाये.” त्या तीन दिवसांत टोळीतले कोणी माझ्याशी धड बोलले नाही.

चौथ्या दिवशी कटंगी रोडवर काम होते. सुखराम आला. पट्टा बांधत त्याने विचारले, “परमिट किसके नाम है?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. साहेब दूर झाडाखाली बसले होते. ते उठले नाहीत.

“मेरे नाम,” मी म्हणाले.

सुखरामने पट्ट्याची कडी ओढून पाहिली. “तो उतरने के बाद मेरे को खुद देखना. दूसरे से मत पूछना.” आणि तो चढला. तो उतरेपर्यंत मी खांबाखालून हलले नाही.

आज माझ्या हाताखाली तीस माणसे आहेत. माझ्या हातून चूक होऊ नये, एवढेच शिकवणारे अनेक भेटले. चूक झाल्यावर माणसांसमोर उभे कसे राहायचे, हे साहेबांनी शिकवले आणि त्यासाठी स्वतःची बढती गमावली. त्या बढतीबद्दल त्यांच्या तोंडून मी आजवर एक शब्द ऐकलेला नाही.

साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी हे लिहू का, म्हणून साहेबांना विचारले. “लिही,” ते म्हणाले. “पण आधी सुखरामले विचार.” सुखराम आता लालबर्रा रोडला मुलाकडे असतो. त्याने विचार करून सांगितले, “लिखो मैडम. सच लिखो.”

साहेबांच्या साठीच्या सत्काराला सुखराम आणि मी एकाच गाडीने येणार आहोत. साहेबांना निरोगी, निवांत आणि खूप लांब आयुष्य लाभावे, हे मागणे आम्हा दोघांचे आहे.