बाबांचं लाईव्ह लोकेशन

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर वाचले ते निव्वळ टाइमपास म्हणून. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. काही विचित्र दिसलं की त्यामागे बग असतो आणि नीट शोधला की तो सापडतो, यावरच माझा पगार चालतो. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता आणि आता आहे का, तेही धड सांगता येणार नाही. लिहितेय एवढ्यासाठीच की घरात या विषयावर बोलणं बंद झालंय... आणि माझ्या डोक्यातून तो जात नाही.

माझं माहेर बोरिवली ईस्टला. बाबा मूळचे कुडाळकडचे, एका छापखान्यात नोकरी करून रिटायर झालेले. लग्न होऊन मी घाटकोपरला आले आणि त्याच सुमारास जॉबही बदलला. नवीन ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत. घाटकोपरहून मेट्रोने चकाला, तिथून थोडं चालत.

लग्नाच्या गडबडीत बाबांना लाईव्ह लोकेशन पाठवायला मीच शिकवलं होतं. मग रोज सकाळी फोन. "बाय, निघालंस काय? लोकेशन टाक." मी टाकायचे. आई सांगायची, मी नकाशावर सरकत असते आणि बाबा ते बघत चहा पितात. बदल्यात तेही आपलं लोकेशन टाकायचे, मग मंडईत का चालले असेनात. त्यांचा प्रोफाइल फोटो माझ्या लग्नातला होता, फेटा बांधलेला. तो एवढासा गोल फोटो बोरिवलीच्या गल्ल्यांतून फिरताना बघून मला हसू यायचं.

त्यांना माझं नवीन ऑफिस बघायचं होतं. "माका तुझा ऑफिस बघूचा आसा," म्हणायचे. "तू बसतंस खय, जेवतंस खय, सगळा." मी म्हणायचे, "या ना बाबा, एवढा सॉफ्टवेअरचा रिलीज होऊ दे." तो झाला की दुसरा लागायचा. राहून गेलं, बस.

त्या दिवशी दुपारी जेवणानंतर माझी मीटिंग होती. फोन सायलेंटवर. बाहेर आल्यावर बघितलं तर बाबांचं लाईव्ह लोकेशन आलेलं. सकाळचं असेल म्हणून उघडलं, तर फेट्यातला फोटो हायवेवर होता. गोरेगावच्या पुढे... आणि सरकत होता.

मला पहिल्यांदा रागच आला. न सांगता, एवढ्या उन्हात, रिक्षाने निघाले? मग बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. फोन लावला तर स्विच ऑफ. बंद फोनवरून लाईव्ह लोकेशन येईल कसं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. टेस्टर आहे ना मी. पण नेटवर्कचा घोळ असेल म्हणून सोडून दिलं आणि मॅनेजरला सांगितलं, "माझे बाबा येतायत, मी जरा खाली जाते."

गेटवर उभी राहिले. फोटो जोगेश्वरीवरून पुढे आला, हायवे सोडून आमच्या रस्त्याला लागला. मी येणाऱ्या प्रत्येक रिक्षात वाकून बघत होते. एकीत कॉलेजची मुलं, एकीत कुरिअरवाला, बाकीच्या रिकाम्या. आणि नकाशावर बाबा माझ्याजवळ आले. अगदी जवळ. त्यांचा फोटो आणि माझा निळा ठिपका एकावर एक. मी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं.

मग फोटो गेटमधून आत गेला.

रिक्षाचा वेग नव्हता तो. माणूस चालतो तसा, मधेच थांबत. आमच्या बिल्डिंगच्या कडेने पार्किंगपर्यंत, तिथून मागे, मी जेवते त्या कँटीनकडे. मी फोन हातात धरून त्याच्या मागे मागे. मला वाटलं, माझी चुकामूक होतेय, ते एका बाजूने जातायत आणि मी दुसऱ्या. "बाबा," अशी हाकही मारली. कँटीनबाहेर सिगरेट ओढत उभे असलेले दोघं माझ्याकडे बघायला लागले.

त्याच वेळी दहिसरला राहणाऱ्या माझ्या दादाचा फोन आला. स्क्रीनवरून नकाशा गेला आणि माझी चिडचिड झाली. बाबा निघालेत हेच सांगायला करतोय, असं वाटलं. मी फोन कट केला आणि मेसेज टाकला, "माहितीये, बाबा इथे पोचलेत. शोधतेय त्यांना."

नकाशा परत उघडला तर फोटो कँटीनपाशी स्थिर होता. मी बरोबर त्या जागी जाऊन उभी राहिले. किती वेळ ते आठवत नाही. मग खाली अक्षरं आली, लाईव्ह लोकेशन संपलं.

थोड्या वेळाने दादाचा परत फोन. तो नुसता म्हणाला, "तू बोरिवलीला ये. रिक्षा कर, सावकाश ये. आता घाई नको करूस."

मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. जेवून उठताना बाबा कोसळले. आई आणि शेजारच्या काकांनी त्यांना जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, दादा दहिसरहून थेट तिथे पोचला. बाबांचा फोन घरीच होता, फ्रिजवर, बॅटरी संपून बंद पडलेला. नंतर दादाने तो चार्ज करून उघडला. त्यांच्याकडून त्या दुपारी काहीच गेलेलं नाही. माझ्या चॅटमध्ये मात्र ते आहे. आजही आहे.

टीममधल्या एकाला मी दाखवलं. तो म्हणाला, जुनं लोकेशन सर्व्हरवर अडकून नंतर आलं असेल. असेल. पण बाबा आमच्या ऑफिसला त्याआधी कधी आलेच नव्हते, मग जुनं कुठलं?

आईला यातलं काहीच विचित्र वाटत नाही. "बघूचा होता त्यांका. बघून गेले," ती म्हणते आणि डोळे पुसून कामाला लागते. तिला त्याने आधार मिळतो, म्हणून मी वाद घालत नाही.

दादाला मात्र शेवटी मीच विचारलं, "तू पहिला फोन केलास तेव्हा काय झालं होतं?"

तो खाली बघत म्हणाला, "तेव्हा शुद्धीत होते ते. तुझ्याशी बोलायचं म्हणाले. मी स्पीकर लावून फोन त्यांच्या तोंडाशी धरला होता."

"मग?"

"तू कट केलास. मी त्यांना सांगितलं, मीटिंगमध्ये आहे, करेल आता. परत लावणार तेवढ्यात नर्सने मला बाहेर काढलं."

"माझा मेसेज वाचलास तू?"

"वाचला. मला काही कळलंच नाही गं."



नकाशावर काय दिसत होतं, ते कोणी पाठवलं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि मिळेल असं वाटतही नाही. आई म्हणते तसं ते खरंच मला भेटायला आले असतील, तर मी त्यांना बघू शकले नाही. आणि आले नसतील, तर मी एका फोटोच्या मागे फिरत राहिले. माझे बाबा तिकडे हॉस्पिटलमध्ये होते, फोनवर मी काय बोलते ते ऐकायला थांबलेले... आणि मी तो कट केला.