उलटं केलेलं कार्ड

मनीषनगरात एका ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत एक बाई टॅरो कार्ड बघून भविष्य सांगायच्या. प्रत्येक कार्ड मांडण्याआधी ओढणीच्या टोकाने पुसायच्या. एका माणसाला एकच कार्ड. ते सुलट पडलं तर अर्थ वेगळा, उलटं पडलं तर वेगळा.

माझी बायको आठ दिवसांपासून आयसीयूत होती. डॉक्टर आता माझ्या डोळ्यांत बघून बोलत नव्हते, म्हणून मी इथे आलो होतो.

माझ्या आधी बसलेल्या एका मुलीला पांढऱ्या घोड्यावरच्या सांगाड्याचं कार्ड निघालं, उलटं. ती घाबरली. बाई म्हणाल्या, "घाबरू नको वं. याचा अर्थ मरण नाही. जुनं जाते, नवं येते." मुलगी खुशीत गेली.

मलाही तेच कार्ड निघालं, पण सुलट. बाई पाण्याचा ग्लास घ्यायला वळल्या, तेवढ्यात मी ते बोटाने फिरवून त्या मुलीच्या कार्डासारखं उलटं केलं.

वळल्यावर त्यांनी ते उलटं झालेलं कार्ड पाहिलं. मग माझ्या खिशातून डोकावणारा हॉस्पिटलचा पास पाहिला.

"कोण आहे?"

"बायको."

जुनं जाते, नवं येते, हे ऐकायला मी थांबलो होतो. बाईंनी कार्ड गड्डीत सरकवलं.

"मंग इथं काहून बसून राहिले भाऊ? तिच्याजवळ जा."

रस्ताभर मला त्यांचा राग येत होता. दोन तासांनी बायको गेली. तिचा हात माझ्या हातात होता. बाईंनी मलाही नवं येते म्हणून सांगितलं असतं, तर मी तेव्हा चौकात निवांत चहा पीत उभा असतो.