दूधराजाचं घरटं

पक्षी दाखवायला नेणाऱ्या बाईंनी मला फसवलं, तेही तोंडावर.

जूनमधली सकाळ होती. कलियासोत नदीकाठच्या जंगलात आम्ही दहा-बाराजण त्यांच्यामागून चाललो होतो. माझ्या बायकोला दूधराज बघायचा होता, पांढरा, फितीसारख्या लांब शेपटीचा. गुडघे दुखत असूनही ती त्याच्यासाठीच आली होती. काठावरच्या एका अर्जुनाच्या झाडाकडे तिची मान वळताच बाई म्हणाल्या, "इकडे काही नाही, पुढे चला."

जवाहर चौकात नळ-तोट्या विकून मी दुकान उभं केलंय. माल आत ठेवून 'संपला' म्हणणाऱ्याचा चेहरा मला लगेच कळतो. बाकीचे पुढे गेले तसं मी बाईंना गाठलं.

"त्या झाडात काय लपवलंय?"

"काका, हळू बोला."

"हळू का? आम्ही चोर आहोत?"

"अहो, पुरे," बायको म्हणाली. "भाजीवाला नाही तो, पक्षी आहे. घासाघीस करून खाली येणार नाही."

बाई चिडल्या नाहीत, ते मला जास्त झोंबलं. त्यांनी सांगितलं, नदीच्या वरच्या अंगाला आणखी एक घरटं होतं. फोटोत अंडी नीट दिसावीत म्हणून कुणीतरी भोवतालच्या डहाळ्या छाटल्या. आडोसा गेला आणि कावळ्यांनी अंडी खाल्ली.

"तेव्हापासून सगळ्यांशी खोटं बोलते. तुमच्याशीही बोलले."

मग त्यांनी दुर्बीण बायकोच्या हातात दिली. पाऊल मात्र पुढे टाकू दिलं नाही. पानांत वाटीएवढं घरटं, त्यात दूधराज बसलेला, आणि ती पांढरी शेपटी बाहेर लोंबत वाऱ्यावर हलत होती.

"अहो, बाप बसलाय अंड्यांवर!" बायको कुजबुजली. "बघा, शिका काही."

तेवढ्यात आमच्यातलाच एक मोठ्या कॅमेऱ्याचा गृहस्थ मागे फिरला. "क्या है उधर, भाईसाहब?"

"कुछ नहीं. इनके घुटने में दर्द है."

बायकोने लगेच गुडघा धरला आणि असं काही कण्हली की तो गृहस्थ मलम शोधू लागला.

पुढे बाईंचा फोन आला, पिल्लं उडाली. मी दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाइकांनी कारण विचारलं, ते सांगितलं नाही.

बाईंचं खोटं मी माफ केलंय. पण वरच्या घरट्याच्या डहाळ्या ज्याने छाटल्या, त्याच्याकडे अंड्यांचा फोटो असणारच. तो घेऊन त्याने समोर यावं, आणि त्या अंड्यांचं पुढे काय झालं, ते स्वतःच्या तोंडाने सांगावं.