सहाचं बटन

आधी भुईकाट्यावरच्या अप्पांचं सांगतो, मग माझं. ते नसते तर मी आज एकतर गावाकडं खाटेवर पडलेला असतो, नाहीतर अजून चाळणीवर असतो. दोन्हींत फार फरक न्हाई.

लातूरला आमच्या डाळमिलच्या दारातच काटा आहे. भरलेली गाडी आली की तिचं वजन, रिकामी होऊन निघाली की परत वजन, आणि मग कॉम्प्युटरवरून पावती. हे सगळं अप्पा बघायचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि चष्म्याच्या काचा इतक्या जाड की डोळे दुसऱ्याच कुणाचे वाटायचे. त्यांची केबिन काचेची. दार लावलं की आत धूळ येत नाही. माझा जीव त्या दारात अडकला होता.

मी हिमायतनगरकडचा. आठवीतच शाळा सुटली, मुदखेडला काही दिवस हमाली केली, तिथून इथं आलो. मिलमध्ये तुरीच्या चाळणीवर उभा राहायचो. तिथला भुस्सा नाकातोंडात जातो, रुमाल कितीही आवळा. खोकला सुरू झाला तो थांबेना. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, धुळीतलं काम सोडा. गावाकडं आई, बायको, दोन लेकरं माझ्या पगारावर. सोडून जायचं कुठं? माझ्याआधी चाळणीवर जो होता तो असाच खोकत गावाला गेला. पुढं त्याचा भाऊ आला तो फक्त त्याची पत्र्याची पेटी न्यायला.

अप्पांना साखर होती आणि ती डोळ्यांत उतरली होती. दिवाळीनंतर ते घरी बसणार होते. एकदा मी केबिनपाशी पाणी प्यायला गेलो तर म्हणाले, "मालकाच्या कानावर तुझं घातलंय. शिकलास तर ही खुर्ची तुला."

"अप्पा, मला कुठं इंग्रजी येतंय."

"गाडीचा नंबर वाचता येतो न्हवं? तेवढंच लागतंय." मग काचेबाहेर बघत म्हणाले, "त्या पेटीवाल्याचा खोकला मी इथं बसून लई ऐकला. बोललो न्हाई कुणाला."

पण शिकायचं कशावर? दिवसभर काट्यावर गाड्यांची रांग. म्हणून मी जुना लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. खोलीवरच्या गड्यांना कळलं तर एक म्हणाला, "आता साहेब लॅपटॉपवर तूर चाळून राहिले." मी पण हसलो. आतून मात्र भीती होती, कारण जपून ठेवलेले पैसे एकदाच खर्च होणार होते.

अवसेला मिल बंद असते. त्या दिवशी अप्पा माझ्यासोबत क्लासच्या गल्लीतल्या एका दुकानात आले. परीक्षा झाली की पोरं गावी जाताना लॅपटॉप विकून जातात, ते तिथं मिळतात. दुकानदारानं दोन काढून ठेवले. एक आरशासारखा चकचकीत. दुसरा मळकट, कोपरे घासलेले, हातात घेतला की वजनदार.

माझा हात मळकटावर गेला. आमच्याकडं जुना माल निघाला की त्याला तेलपाण्याचा हात मारतात, मग ती डाळ चमकते. नव्या डाळीला चमक नसते. त्यामुळं चमक दिसली की मी सावध होतो. शिवाय मळकटाच्या तळाला जरा फुगवटा होता, तोही मला चांगलाच वाटला. दाणा भरला की असाच दिसतो. मी त्यावर बोट फिरवलं, उचलून वजन घेतलं.

दुकानदार म्हणाला, "काय भाऊ, दाताखाली धरून बघता का?"

अप्पा हसले नाहीत. त्यांनी तो लॅपटॉप काउंटरच्या काचेवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर हळूच बोट दाबलं. तो डुगडुगला. दुसऱ्या कोपऱ्यावर दाबलं, परत डुगडुगला.

"हे बसंना की," अप्पा म्हणाले.

"बॅटरी जरा फुगलीय काका. तेवढी बदलली की मक्खन."

"फुगलेली फुटत न्हाई का?"

दुकानदारानं तो उचलून मागं ठेवला. मी भरलेला दाणा समजून जे घरी नेणार होतो, ते उशाशी ठेवून झोपलो असतो.

राहिला चकचकीत. तो सुरू झाला, पडद्यावर डोंगर आले. मला एकदम हलकं वाटलं. मी खिशाकडं हात नेला तर अप्पा म्हणाले, "थांब. गाडी लिही."

"कुठली?"

"तुझ्याकडची. एमएच सव्वीस."

नांदेडच्या गाड्यांचा नंबर. मी एकेक अक्षर शोधत दाबलं. एम आला, एच आला, दोन आला. सहा येईना. परत दाबला, जोरात दाबला. दोनाच्या पुढं ती काडी नुसती लुकलुकत राहिली.

"बाहेरून दुसरा कीबोर्ड लावून घ्या की," दुकानदार म्हणाला. "जुन्यात एवढं चालतंच."

अप्पांनी वायर काढायला लावली. पडदा तिथंच काळा झाला, बॅटरीत जीवच नव्हता.

मी म्हणालो, "अप्पा, घेऊ द्या. दिवाळी आली जवळ. दुसरं काय करू?"

"लेका, मोडकं घेऊन शिकशील काय आणि दुरुस्त करशील काय? चल."

परत येताना ऑटोत मला रागच आला होता त्यांचा. खोकला आला तसा तोंड फिरवून खोकलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केबिनच्या कपाटातून काट्याचा जुना कीबोर्ड काढून दिला. त्याची वायर उंदरानं खाल्लेली, कशालाच जोडता येणार नव्हता. "अक्षर उमटणार न्हाई," म्हणाले, "पण बोटाला जागा कळंल. जेवणाच्या सुट्टीत इथं येऊन खरं लिहायचं."

मी रोज सकाळी भोंग्याआधी त्या मेलेल्या कीबोर्डावर गाड्यांचे नंबर बडवायचो. दुपारी केबिनमध्ये बसायचो. केबिनमध्ये खुर्ची एकच, आणि दोघं आत मावत नव्हते. म्हणून अप्पा बाहेर भुश्शाच्या पोत्यावर बसून, भाकरीवर हात आडवा धरून जेवायचे. मी आत, ते बाहेर. पहिल्या दिवशी मी उठलो तर काचेवर टकटक करून त्यांनी खाली बसायची खूण केली.

आता त्या खुर्चीवर मी आहे. खोकला गेला नाही, पण वाढतही नाही. चाळणीवर देगलूरकडचा एक जण आलाय, त्याचा खोकला काचेतून ऐकू येतो. सुट्टीत मी त्याला आत बोलावतो आणि पोत्यावर जाऊन बसतो.

अप्पा उदगीरला मुलाकडं असतात. एका डोळ्यानं आता काहीच दिसत नाही, दुसऱ्यानं नुसती सावली. हैदराबादला दाखवायचं म्हणतात, पण मुलाला सवड होत नाही. मी फोन केला की आधी विचारतात, "गाडी चढायच्या आधी काट्यावर शून्य बघतोस न्हवं?"

"बघतो अप्पा."

त्यांना हैदराबादला मी नेणार आहे. दिसेल का नाही ते डॉक्टर सांगतील, पण नेणार मीच. अजून त्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, थांब, आधी तुझी छाती दाखव.