वाढपीमामांच्या दोन बाटल्या

नागपूरच्या मे महिन्यात लोकरीचे हातमोजे घालून हिंडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे वाढपीमामा. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, पण जीव सगळा पंगतीत. गल्लीतलं लग्न कुणाचंही असो, बुंदीची परात मामांच्याच हातात. कुणी ‘पुरे’ म्हटलं की म्हणायचे, “पोट नाही म्हणते, डोळे हो म्हणून राहिले. मी डोळ्याचं ऐकतो.” आणि मूठभर बुंदी पानात पडायची.

मोजे नंतर आले. एकदा हातगाडी अंगावर उलटून मामांचा पाय मोडला. दवाखान्यात त्यांना दोन बाटल्या रक्त चढवलं. मग कावीळ झाली, तीही गेली. काही वर्षांनी मात्र उन्हात गेलं की हातांवर फोड यायला लागले. फुटायचे आणि काळे डाग ठेवून जायचे, म्हणून मोजे. गल्लीनं डॉक्टरांच्या आधी निदान केलं: महारोग. तोंडावर कुणी बोललं नाही. फक्त मामांनी दुकानात पाणी पुढे केलं की गिऱ्हाइकांना तहान लागेनाशी झाली.

नेमकं तेव्हाच माझं लग्न ठरलं. बाबा म्हणाले, “मामा, या खेपेले तुम्ही आरामात पंगतीत बसा.”

“बसतो,” मामा म्हणाले.

शेवटच्या ओळीत बसले, मोजे मांडीवर ठेवून. बुंदी दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला. मी हे शालूत बसून पाहिलं आणि गप्प राहिले. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढे एका डॉक्टरांनी मामांची लघवी जांभळ्या दिव्याखाली धरली, तर ती गुलाबी चमकली. महारोग नव्हताच. काविळीनं लिव्हर बिघडलं होतं; रक्ताचा रंग ज्यापासून बनतो तो कच्चा माल अंगात साचत होता आणि ऊन लागलं की कातडी जाळत होता. उपाय एकच, दर पंधरा दिवसांनी बाटलीभर रक्त काढायचं. मामा म्हणाले, “दवाखान्यानं दोन बाटल्या देल्ल्या होत्या, आतापावेतो सहा वापस नेल्या.”

डॉक्टरांची चिठ्ठी गल्लीत कोण वाचतो? मी माहेरी आले होते तेव्हा मामांनी आमच्या ओट्यावर लघवीची एक बाटली आणून ठेवली. “ही माही. भाऊजी, आता तुमची द्या.” बाबा लाल झाले, मग आत जाऊन आपली बाटली भरून घेऊन आले. दोन्ही बाटल्या उन्हात ठेवल्या. दुपारपर्यंत बाबांची पिवळीच राहिली, मामांची जांभळाच्या रसासारखी झाली.

“महारोग्याची अशी होते का?” मामांनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं.

वर्षभरात फोड थांबले. धाकटीच्या लग्नात परात बाबांनीच मामांच्या हाती दिली. मामांनी मोजे काढले, घडी करून खिशात घातले आणि पहिल्याच पानावर तीन मुठी बुंदी घातली. ते पान बाबांचं होतं. बाबांनी सगळी खाल्ली.

लिव्हर मात्र सुधारलं नाही. पुढे चढवलेल्या रक्तातून येणाऱ्या त्या काविळीला नाव मिळालं, गोळ्या निघाल्या. त्या गोळ्यांनी असे हातही बरे होतात म्हणे. मामा तोवर थांबले नाहीत. शेवटची भेटायला गेले तेव्हा मी बुंदी नेली आणि रिकामी ताटली त्यांच्यापुढे धरली.

“मामा, माझ्या लग्नात राहून गेलं. वाढा.”

“काहून वं, इतक्या उशिरा भूक लागली तुले?”

त्यांनी एक मूठ वाढली. ‘पुरे’ एवढंच माझ्या तोंडून निघालं. मामांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि आणखी एक मूठ वाढली.