मिलिंदच्या रेकॉर्डी

मिलिंद गेल्याचं मला ग्रुपवर कळलं. आधी कुणाच्या तरी मुलीच्या साखरपुड्याचे फोटो, मग मिलिंदचा फोटो, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग, आणि दुपारपर्यंत पुन्हा साखरपुडा. तळेगावजवळ आंबीतल्या कंपनीत पहिल्या पाळीला असताना हृदयविकाराचा झटका आला होता... पुढे पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमात एकेक वक्ता उठला आणि ‘शांत, संयमी, सगळ्यांशी मिळूनमिसळून वागणारा’ असं काहीबाही म्हणून खाली बसला. मागे कुणी बासरीची धून लावून ठेवली होती. मी शेवटच्या रांगेत चडफडत बसलो होतो. मिलिंदला बासरीचा मनापासून कंटाळा होता, आणि शांत तर तो झोपेतही नसावा.

तो चिडलेला माणूस होता, आणि चिडायला त्याच्याकडे कारणं होती. उमेदीची वर्षं कंत्राटात गेली. त्याने हाताखाली शिकवलेली पोरं कायम झाली. तळेगावात भाड्याने घर बघायला गेला की आडनाव विचारलं जायचं, आणि मग ‘अहो, कालच दिलं’ म्हणून दार लागायचं. याबद्दल तो क्वचितच बोलायचा. तो रेकॉर्ड लावायचा. दर रविवारी सकाळी मी लोणावळ्याहून देहूरोडला त्याच्या खोलीवर जायचो. नियम असा, की पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सगळं ओळीने ऐकायचं, मधे बोलायचं नाही, चहा फक्त बाजू उलटताना. एकदा मी मधेच मोबाइल काढला, तर पठ्ठ्याने सुई उचलून रेकॉर्ड पहिल्यापासून लावली. अलीकडे तो पंक नावाच्या आरडाओरड्याच्या इंग्रजी रॉकवर आणि त्यानंतर आलेल्या कोरड्या, कडवट बँडांवर अडकला होता. एका रेकॉर्डमध्ये बेस गिटार सगळ्यांच्या पुढे, बाकीचे जणू थंड गोदामात मागे कुठेतरी उभे. दुसरीत गाणारी बाई मुद्दाम सुराबाहेर राहते आणि तिथून हलत नाही. तिसरी तर चहा निवायच्या आत संपते. यांना धड वाजवताही येत नाही, असं मी म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, “नाहीच येत. पण वाजवू का म्हणून कुणाला विचारत बसले नाहीत.”

त्याने लग्न केलं नव्हतं. मागे राहिली आई आणि त्या रेकॉर्डी. रविवार चालू ठेवायचे, निदान त्याचं ऐकणं तरी त्या खोलीत राहू द्यायचं, असं मी ठरवलं होतं. काही आठवड्यांनी गेलो तर फळी रिकामी. “त्याच्या भाच्यानं नेल्या,” मावशी, म्हणजे मिलिंदची आई, म्हणाल्या. “मामाची आठवण ठिवतो म्हनला. मला कुटं लावता येत्यात त्या?” भाच्याचा लोणावळ्यात शनिवार-रविवार भाड्याने देण्याचा बंगला आहे. मी परस्पर तिकडेच गेलो.

पोहण्याच्या टाकीसमोरच्या भिंतीवर मिलिंदच्या रेकॉर्डी होत्या. मधल्या भोकातून स्क्रू मारून पक्क्या बसवलेल्या, शेजारी त्यांची कव्हरं चिकटवलेली. काहींवर सोनेरी रंग फवारला होता. ओल्या चड्डीतले दोन पाहुणे त्यांच्यापुढे जीभ बाहेर काढून फोटो घेत होते, आणि स्पीकरवर लग्नाच्या वरातीतलं गाणं चालू होतं. परत दे, असं मी सांगितल्यावर भाच्याला खरंच वाईट वाटलं. “काका, मामाचं नाव राहावं म्हणूनच लावल्या,” तो म्हणाला. “आणि आता काढल्या तर भिंतीचा रंग जाईल.” पोरगा वाईट नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. जन्मभर ज्या माणसाचं कुणी ऐकून घेतलं नाही, तो गेल्यावर लोकांनी त्याची शोभा केली. बासरीवाल्यांनी केली, भाच्याने केली, आणि सगळ्यांनी प्रेमानेच केली.

तसाच देहूरोडला परतलो आणि मावशींना सगळं सांगून टाकलं. त्या उठल्या आणि खोलीत जाऊन त्यांनी रेकॉर्ड प्लेअरवरचं फडकं काढलं. जुनाट म्हणून भाच्याने तो नेला नव्हता, आणि झाकण उघडून बघायचंही त्याला सुचलं नव्हतं. आत एक रेकॉर्ड होती. मिलिंदने कामावर जाण्याआधी ऐकलेली असणार. तिचं कव्हर टाकीच्या भिंतीवर आहे, आत काही नसलेलं. मी सुई ठेवली. गिटार खरखरली आणि एक पोरगा जीव तोडून ओरडायला लागला. मावशी कॉटच्या कडेला बसून ऐकत होत्या.

“काय म्हनतोय रं त्यो?”

“शिव्या देतोय, मावशी.”

“कुनाला?”

“सगळ्यांना.”

“मग जरा मोट्यानं लाव.”