मंगळवारचा दवाखाना

भोसरीच्या डॉ. सुमेधाबाई म्हणजे तापाला गोळी, खोकल्याला बाटली आणि वर चार शब्द फुकट. तोंडाने भारी फटकळ, पण गावातल्या खाष्ट सासवाही सुनांना त्यांच्याकडे बिनघोर एकटं धाडायच्या. एवढा विश्वास कमवायला बाईंची उमेदीची वर्षं गेली होती.

शालन त्यातलीच एक सून. रान कारखान्यांत गेलेलं, नवरा कंपनीत शिफ्टला. तिसऱ्या बाळंतपणात तिचं एवढं रक्त गेलं की घरच्यांनी आशाच सोडली होती. पोर रांगायला लागलं तशी ती बाईंपुढे येऊन बसली.

"बाई, पिशवीत तांबी बसवत्यात म्हणं. मला बसवा. चौथ्याला काय मी उठत न्हाई."

"नवरा काय म्हणतो?"

"त्यो राजी हाय. आईपुढं त्वांड उघडंना. आप्रेशन म्हणलं की सासू घर डोक्यावर घेती, आन् गोळ्या रोजच्या रोज लपवू कुठं?"

"मला नाही गं बसवता येत. चिठ्ठी देते, पुण्याला जा."

"पुण्याला जायाचं तर घरी कारण सांगावं लागतंय. तुमच्याकडं यायला खोकला पुरतो."

बाईंना हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात दर मंगळवारी हे काम शिकवतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण मंगळवारी दवाखाना बंद ठेवायचा, म्हणजे पेशंट समोरच्या डॉक्टरकडे जाणार. शिवाय या वयात पोरासोरांच्या रांगेत शिकायला उभं राहायचं म्हणजे जिवावरच येत होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पावसाळा गेला, दिवाळीही गेली. शेवटी गेल्या एकदाच्या. शिकल्या, हात बसला, सामान आणलं आणि पहिला निरोप शालनला धाडला.

शालन आली ती धाकट्या जावेला, कस्तुराला, बरोबर घेऊन. पायऱ्या चढताना तिला धाप लागली होती. बाईंना तिचं पदराआडचं पोट दिसलं.

"पाचवा लागला," शालन म्हणाली. "माझं ऱ्हाऊ द्या. हिचं दुसरं पोर पाळण्यात हाय. हिला बसवा."

कुणापुढे नमतं घ्यायचं बाईंना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मात्र त्या खुर्ची ओढून शालनशेजारी बसल्या.

"तुझं बाळंतपण पुण्याला करायचं. घरी मी सांगते, सोबतही मीच येते." मग त्यांचा आवाज उतरला. "उशीर लावला गं मी."

"व्हय बाई, लावला," शालन शांतपणे म्हणाली आणि तिनं कस्तुराला पुढं केलं. "हिला नका लावू."